ठरावातला सहावा मुद्दा

गुरुवार, ४ एप्रिल २०२४. सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटं.
कुरूसाय ओढा, मोजणीची खोली.

तालाय आका,

आत्ता मी मोजपट्टीवरचा गाळ चाकूने खरवडत होतो. वाचन चौतीस सेंटिमीटर, पाणी गढूळ. हात ओले होते म्हणून फोन दोनदा वाजूनही घेतला नाही. नंतर पाहिलं तर बिश्केकहून परिषदेच्या सचिवांचा निरोप होता: आपला निबंध स्वीकारला आहे. त्याखाली दुसरी ओळ: सहलेखक टी. सयाकोव यांनी आपलं नाव मागे घेतलं आहे, तेव्हा निबंध एकट्याच्या नावाने छापायला आपली काही हरकत आहे का?

आहे. हरकत आहे. पण ती सचिवांकडे मांडून काय उपयोग? ती तुमच्याकडे मांडायची, तर तुम्ही सख्ख्या धाकट्या भावाला फोनवर बंद करून ठेवलंय. पाच वर्षं झाली. म्हणून हा कागद. अल्माटीला जाणाऱ्या टॅक्सीवाल्याच्या हातून पाठवतो. तो तरी मला बंद करणार नाही, कारण मी त्याला पैसे देतो.

आका, गणित तुमचं आहे. फेब्रुवारीत तुम्ही नऊ पानं पाठवलीत. वर माझं नाव नाही, खाली तुमची खुशाली नाही, नुसती नऊ पानं. तरी मी म्हटलं, आका बोलत नाहीत पण काम करतात, चालेल. मी ती पानं तीनदा स्वच्छ उतरवली. तुमच्या सात शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या. ('सरासरी'तली री दीर्घ असते. तुम्ही अभियंता आहात.) निबंध दोघांच्या नावाने पाठवला, आणि तुम्ही मागच्या दाराने जाऊन आपलं नाव पुसून आलात. आता अभियंत्यांच्या राष्ट्रीय परिषदेत कोण उभं राहणार? नऊ इयत्ता आणि पाटबंधारे तंत्रशाळेची पावणेदोन वर्षं शिकलेला, दिवसातून दोनदा पट्टी वाचणारा माणूस.

कशासाठी हा खटाटोप, ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहितो, म्हणजे कळलं नव्हतं असं म्हणता येणार नाही. या शरद ऋतूत शाळेजवळचा रस्ता रुंद होणार आहे. रस्त्याखालची ती एक मीटर व्यासाची मोरी तशीच लांबवणार आहेत. तुमच्याच नऊ पानांप्रमाणे तिथे अडीच मीटर हवेत. २०१८ साली डोंगरातून दगडचिखलाचा सेल आला, तेव्हा मोरी तुंबली आणि चिखलाचा लोंढा रस्त्यावरून शाळेच्या आवारात उतरला. भिंत पडली. रविवार होता म्हणून फक्त भिंत पडली. आता शाळेत एकशे चौऱ्याऐंशी मुलं आहेत. मी रस्तेखात्याच्या साहेबांकडे तीनदा गेलो. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "पोरा, तू पट्टी वाचतोस ना? मग पट्टी वाच. शास्त्रज्ञांच्या परिषदेचा ठराव आण. त्यात तुझ्या मोरीची एक ओळ असेल तर मी कागद हलवतो."

एक ओळ. तेवढ्यासाठी चाललोय.

तुम्ही नाव का काढलंत तेही मला कळतं. जुन्या मोरीच्या नकाशावर खाली उजव्या कोपऱ्यात तुमची सही आहे. लोक म्हणतील, हाच तो, ज्याने आधी एक मीटर काढली. म्हणू देत की. एकदा ऐकून घ्यायचं. ऐकून घ्यायला डिग्री लागत नाही.

आईच्या गुडघ्याला आता बरं आहे. तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगितलं.

एर्निस


शनिवार, २७ एप्रिल २०२४. दुपारी दोन. घरी.

आका,

उत्तराची वाट पाहिली नव्हती, त्यामुळे ते आलं नाही याचं काही वाटलं नाही.

परिषदवाल्यांनी मात्र मला वेडं करायचं ठरवलंय. निबंध चार पानांचाच हवा, अक्षर चौदाचं, समास डावीकडे तीन सेंटिमीटर. सारांश तीन भाषांत. इंग्रजी सारांश शाळेच्या बाईंकडून करून घेतला. त्यांनी 'मोरी'चं जे केलं, ते झाइर नावाच्या, तिथेच निबंध वाचणाऱ्या एकाने नंतर फोनवर वाचून दाखवलं. त्याचा अर्थ 'स्वयंपाकघरातली नळी' असा होतो म्हणे. बदलून घेतलं.

मग नावाचं. सचिवबाई मेरिम एजे यांचा फोन आला.

"आडनाव काय घालू?"

"सयाक उलू."

"म्हणजे आडनाव उलू?"

"उलू म्हणजे मुलगा. सयाकचा मुलगा. तुम्ही किर्गीझच ना, एजे?"

"मला नका शिकवू हो. माझा नवराही उलूच आहे. पण फॉर्म बाहेरदेशातून आलाय आणि रकान्यात एकच शब्द बसतो."

"मग सयाक घाला."

"शेवटचा शब्द घालायचा नियम आहे."

त्यामुळे कार्यक्रमपत्रिकेत मी 'उलू, ए.' आहे. आमच्या सत्रात तीन उलू आहेत. बाबांनी तुम्हाला सोव्हिएत काळात सयाकोव लावलं. दहा वर्षांनी मी झालो, तेव्हा त्यांना देशाचा अभिमान आला आणि मला उलू लावलं. हा अभिमान मी जिथे जातो तिथे मला दोनदा उच्चारून दाखवावा लागतो.

त्यांनी पुस्तिकेचा कच्चा मसुदा पाठवला आणि लिहिलं, चुका असल्यास कळवा. मी कळवल्या. एकेचाळीस. मुखपृष्ठावरच दोन. मेरिम एजेंचं उत्तर आलं: "तुम्हाला दुसरं काही काम नाही का?" आहे. सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ. मधल्या वेळात चुका दिसल्या तर मी काय करू?

वर्षावार पाणीपातळीच्या तक्ता तीनबद्दल मी तुम्हाला काही विचारत नाही. तुम्ही २०१२ ते २०२३ घेतलंत आणि मधलं २०१५ गाळलंत. तुमची मर्जी. मला त्यात काही अडचण नाही.

एर्निस


बुधवार, १५ मे २०२४. रात्रीचे नऊ. बिश्केक, विद्यार्थी वसतिगृह, खोली ३१२.

आका,

परिषद कशी असते ते तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. आता माझं ऐका.

दहाला सुरू होणार होती. साडेअकराला उपमंत्री आले. तोवर सभागृहात तिसऱ्या वर्षाची मुलं आणून बसवली होती. माझ्या शेजारचा मुलगा झोपला होता. त्याला विचारलं, "तुझा विषय काय?" तो म्हणाला, "हजेरी." उपमंत्र्यांनी सदतीस मिनिटं सांगितलं की पाणी महत्त्वाचं आहे. मग कोरियाहून आलेल्या प्राध्यापकांना पांढरा लोकरी काल्पाक डोक्यावर घातला. तो त्यांच्या डोळ्यांवर आला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सामूहिक फोटो. फोटो झाल्याबरोबर उपमंत्री गेले, त्यांच्यामागून मुलं गेली, मुलांमागून कॅमेरे गेले. आम्ही जे निबंध वाचायला आलो होतो ते बावीस जण उरलो.

चहाच्या सुट्टीत मांस भरलेले समसे होते. माझी पाळी येईपर्यंत नुसते कागद उरले. झाइरने त्याच्यातला अर्धा दिला. हा तोच फोनवरचा झाइर रयस उलू, नारीनचा, माझ्याच खोलीत. काँक्रीटमध्ये मेंढीची लोकर घालून त्याला तडे जात नाहीत असं तो सिद्ध करतोय. तिशीचा असेल. ही त्याची नववी परिषद.

"पहिली का तुझी?" त्याने विचारलं.

"हो."

"कुणी प्रश्न विचारला तर म्हणायचं, फार चांगला प्रश्न आहे, यावर पुढे काम करू."

"मला पुढे काम नाही करायचं. मला शरद ऋतूच्या आत मोरी हवी आहे."

त्याने तोंडाशी नेलेला समसा खाली घेतला. म्हणाला, "अरे देवा. तू खरंच कशासाठी तरी आलायस."

ठरावाचं त्यानेच समजावलं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी ठराव वाचतात, सगळे हात वर करतात, मग जेवायला जातात. मुद्दे दर वर्षी तेच. पहिला: परिषद यशस्वी झाली. दुसरा: तरुणांना उत्तेजन द्यावं. शेवटचा: पुढची परिषद दोन वर्षांनी. मध्ये दोन-तीन जागा रिकाम्या असतात. सत्राध्यक्षांनी शिफारस केली तर आपली ओळ तिथे जाते. आमचे सत्राध्यक्ष कालीस अकमातोविच, पाटबंधारे संस्थेचे. "माणूस सरळ आहे," झाइर म्हणाला, "पण त्याला कागद लागतो. कागद नसेल तर तो आपल्या बायकोलाही ओळखत नाही."

उद्या माझं. दहा मिनिटं दिलीयत. मी आरशासमोर नऊ मिनिटं चाळीस सेकंदांत बसवलंय.

एर्निस


गुरुवार, १६ मे २०२४. संध्याकाळी सात. तीच खोली.

आका,

झालं. कसं झालं ते सांगतो आणि मग तुम्ही ठरवा मी तुमचा कोण.

कालच्या उशिरामुळे दहाची सात मिनिटं केली. मी उठलो, पडद्याकडे पाहिलं तर मेंढ्या. झाइरच्या मेंढ्या. उलूंची अदलाबदल झाली होती. मेरिम एजे म्हणाल्या, "तुम्ही उलू नाही का?" मी म्हटलं, "मी उलूच, पण हा उलू नाही." लोक हसले. माझी पानं शोधण्यात दोन मिनिटं गेली आणि तीही माझ्याच सातातून. पाच मिनिटांत मी तुमची नऊ पानं सांगितली. एकही आकडा चुकला नाही. अडीच मीटर हे मी दोनदा म्हटलं.

मग प्रश्न. पहिल्या रांगेत एक वयस्क बाई होत्या, अनारा इसायेव्ना. चाळीस वर्षं जलशास्त्र शिकवतात. करड्या रंगाचा लोकरीचा स्वेटर, हातात पेन्सिल. उभं न राहताच बोलल्या.

"तक्ता तीन. दोन हजार पंधरा कुठंय?"

मी म्हटलं, "त्या वर्षीच्या नोंदी खराब झाल्या."

"कशाने?"

"उंदरांनी."

"बरं," त्या म्हणाल्या आणि पेन्सिलीने काहीतरी लिहिलं.

मग कालीस अकमातोविच यांनी जाड चष्म्यातून एक नकाशा पाहिला. रस्तेखात्याकडून मागवून ठेवला होता त्यांनी. खरोखरच कागदाचा माणूस. म्हणाले, "जुनी मोरी २०१६ ची. आरेखक टी. सयाकोव. ज्या कार्यालयाने काढली ते बंद पडलं. मूळ आरेखकाची संमती असल्याशिवाय मोरीचा व्यास बदला म्हणून आम्ही लिहिलं तर खातं ते तोंडावर फेकेल. हा सयाकोव कुठे असतो? ओळखता?"

पत्रिकेत मी उलू. तुम्ही सयाकोव. मागे घेतलेलं तुमचं नाव फक्त मेरिम एजेंना आठवलं असतं, पण त्या टिपणातून मान वर काढत नव्हत्या; बाकी सभागृहात कुणालाही काही कळायचं कारण नव्हतं. मी म्हटलं, "नाही ओळखत."

तुमच्यासाठी खोटं बोललो. तुम्हाला लपायचं होतं ना, मग घ्या, लपवलं. बावीस लोकांसमोर सख्ख्या भावाला ओळखत नाही म्हणालो. आणि त्याचं फळ काय? कालीस अकमातोविच म्हणाले, "मग ओळ राहू द्या. आरेखकाचा पत्ता नाही असं टिपणात लिहा." मेरिम एजेंनी लिहिलं. सहावा मुद्दा रिकामा आहे, उद्या संध्याकाळी तिथे बहुधा लोकर जाईल.

झाइर म्हणतो, "माझ्या लोकरीला जागा मिळाली तर मी ती तुझ्या मोरीत भरेन." त्याला वाटलं मी हसेन.

तुम्ही अल्माटीत आहात. बसने पाच तास. पाच तास, आका. मी आमच्या गावाहून दोन घाट ओलांडून अकरा तास आलो आणि तुम्ही पाच तास नाही आलात. तुम्ही असता तर उभं राहून म्हणाला असता, सयाकोव मी, संमती देतो, लिहा. एका मिनिटाचं काम होतं. तुमच्या एका सहीच्या लाजेपायी एकशे चौऱ्याऐंशी मुलं. मी हे पत्र आज टॅक्सीवाल्याकडे देणार होतो, पण आत्ता देत नाही. रागात माझ्या चुका होतात.

एर्निस


रविवार, १९ मे २०२४. दुपार. घरी, ओट्यावर.

तालाय आका,

गुरुवारचं पत्र सोबत ठेवलंय. फाडणार होतो, पण त्यात मी तुम्हाला जे बोललो ते तुम्ही वाचायला हवं, म्हणजे खालचं कळेल.

शुक्रवारी सकाळी चहाच्या सुट्टीत अनारा इसायेव्नांनी मला खिडकीशी बोलावलं. त्यांच्या पिशवीत एका वहीच्या छायाप्रती होत्या. आपण दर महिन्याला मोजणीच्या वह्या बिश्केकच्या दप्तरात पाठवतो, हे मी उंदीर म्हणताना विसरलो होतो. नऊ वर्षं मी ही वही विसरायचाच प्रयत्न करत होतो, त्यात दप्तरही विसरलो.

"उंदीर बिश्केकपर्यंत पोचले नाहीत," त्या म्हणाल्या. "बसा."

मी बसलो नाही.

"मी काल रात्री सयाकोवचं जुन्या मोरीचं गणित तपासलं. बरोबर आहे. शेवटच्या दशांशापर्यंत. त्याला मे २०१५ ची सर्वांत मोठी पातळी ऐंशी सेंटिमीटर दिली होती, ऐंशीला एक मीटरची मोरी पुरते. मग हे बघा. नऊ मे, ऐंशी. दहा मे, ऐंशी. अकरा मे, ऐंशी. सकाळ-संध्याकाळ. सेलाच्या दिवसांत पाणी असं इस्त्री केल्यासारखं राहत नाही, मुला."

मी चहाचा पेला खिडकीत ठेवला.

"निरीक्षकाचं नाव सयाक. चांगला निरीक्षक. मी त्याच्या बारा वर्षांच्या वह्या चाळल्या. शेऱ्याच्या रकान्यात हा माणूस कायम 'गडूळ' लिहितो. ढ कधी लिहिलाच नाही. बारा वर्षांत एकदाही नाही." त्यांनी पेन्सिलीचं टोक कागदावर ठेवलं. "नऊ, दहा आणि अकरा मे. 'गढूळ'. ढ. तीन दिवस ढ, आणि बारा तारखेला परत ड."

मग त्यांनी चष्मा काढला. "मेरिम सांगत होती, कुणीतरी एकेचाळीस चुका काढून पाठवल्यात. एक सयाक, एक सयाकोव, एक सयाक उलू. मी जलशास्त्र शिकवते, पण एवढी बेरीज मला येते."

आका, आता मी ते लिहितो जे पाच वर्षांत, खरं तर नऊ वर्षांत, तुम्हाला सांगितलं नाही.

त्या मे महिन्यात बाबांचा पाय प्लास्टरमध्ये होता. विजयदिनाच्या सुट्टीला मी तंत्रशाळेतून घरी आलो होतो. सतरा वर्षांचा होतो. बाबा म्हणाले, वाचन तू घे. आठ तारखेच्या रात्री ओढ्याचा आवाज बदलला. दगड गडगडत होते. मी नऊला सकाळी निघालो, अक्रोडाच्या झाडांपर्यंत गेलो, आणि पुढे पाय उचलला नाही. घरी येऊन लिहिलं ऐंशी. सुवाच्य अक्षरात. बाबांनी विचारलं, "गेला होतास?" मी म्हटलं, "गेलो होतो." दहालाही तेच, अकरालाही तेच. बाराला पाणी उतरल्यावर गेलो, तर मोजणीच्या खोलीच्या भिंतीवर चिखलाची ओळ माझ्या हनुवटीपर्यंत होती. एक मीटर पंचावन्न. मी बादली आणि ब्रश घेऊन ती ओळ घासून काढली. दोन तास लागले. त्या दिवसापासून बाबा कुबडीवर स्वतः जाऊ लागले. सुट्टी संपल्यावर मी तंत्रशाळेत गेलो नाही. सगळ्यांना वाटलं बाबांच्या पायासाठी राहिलो.

२०१८ ला मोरी तुंबली, तुम्ही तुमचं गणित घेऊन आलात, अंगणात उभे राहिलात आणि बाबांना विचारलंत, "त्या तीन दिवसांत तुम्ही खरंच ओढ्यावर गेला होतात का?" मी तिथेच लाकडं फोडत होतो. बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग तुमच्याकडे पाहून म्हणाले, "वाचन माझं आहे. सही माझी आहे." तुम्ही त्यांना आळशी म्हणालात. ते मी ऐकलं. तुम्ही गाडीत बसून गेलात, तेही पाहिलं. कुऱ्हाड माझ्या हातात होती आणि मी पुढचं लाकूड फोडलं.

आणि वर्षाने बाबा वारले, तेव्हा चाळिसाव्या दिवसाच्या जेवणात, सगळा गाव बसलेला असताना, मी तुम्हाला म्हणालो की तुमच्या मोरीच्या दुःखाने ते गेले. मी म्हणालो. मी.

तुम्ही तक्त्यातून २०१५ का गाळलंत ते मला त्या खिडकीशी कळलं. तुमच्या सहीसाठी नाही. बाबांच्या सहीसाठी. निबंधावर तुमचं नाव असतं तर कुणीतरी विचारलंच असतं की आधी एक मीटर का काढली, आणि तुम्हाला सांगावं लागलं असतं की वाचन चुकीचं होतं, आणि वाचनाखाली बाबांचं नाव आहे. त्यांना आळशी म्हटल्याचा तुम्हाला पश्चात्ताप झाला असेल, म्हणून निदान छापील कागदावर तरी त्यांना सोडलंत. आणि मी चार एप्रिलला तुम्हाला ऐकून घ्यायला शिकवत होतो.

अनारा इसायेव्ना म्हणाल्या, "मी हे कुणाला दाखवणार नाही. पण संध्याकाळी ठराव आहे." एवढंच म्हणून त्या समसा आणायला गेल्या. त्यांना मिळाला.

संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी कालीस अकमातोविच ठराव वाचू लागले. पाचव्या मुद्द्यापर्यंत आले. सहावा: लोकरमिश्रित काँक्रीटच्या चाचण्यांना पाठिंबा. माझ्या आधी झाइरच उठला. "अध्यक्ष महाशय, माझी लोकर दोन वर्षं थांबेल. ती कुजत नाही, तेच तर मी सिद्ध केलंय." लोक हसत असताना मी उभा राहिलो. हात वर करायचं राहून गेलं, तसाच बोलू लागलो.

म्हणालो, "मी काल दोन खोटी उत्तरं दिली. टी. सयाकोव माझा सख्खा भाऊ आहे. आणि २०१५ ची वही उंदरांनी खाल्ली नाही, ती दप्तरात आहे. त्यातली तीन दिवसांची वाचनं माझ्या वडिलांची नाहीत. ती मी घरात बसून लिहिली. खरी पातळी एक मीटर पंचावन्न होती. मी ती भिंतीवर पाहिली आणि पुसली. मोरी भावाच्या गणिताने लहान झाली नाही. वडिलांच्या वाचनानेही नाही."

मेरिम एजेंनी लिहिणं थांबवलं होतं. मग मागून कुणीतरी म्हणालं, "एकाच बापाचा एक ओव आणि एक उलू?" आणि कुणी दुसऱ्याने उत्तर दिलं, "त्यात काय, आमच्या घरी तिघांची तीन आहेत." त्यावर थोडं हसू झालं.

कालीस अकमातोविच यांनी चष्मा पुसला. मला वाटलं आता बाहेर काढतील. ते म्हणाले, "तुमच्या नोकरीचं काय करायचं ते तुमचं कार्यालय ठरवेल, आणि मी त्यांना कळवणार आहे. मला कळवावं लागेल."

"हो," मी म्हटलं.

"ते वेगळं. आता हे. आरेखक सापडला. त्याची लेखी संमती आणि दुरुस्त पातळीवरचं गणित १५ जूनपर्यंत माझ्या टेबलावर आलं, तर सहावा मुद्दा कायम. नाही आलं, तर आपोआप रद्द. मंजूर?" हात वर झाले. मी मोजले, एकोणीस. अनारा इसायेव्नांनी पेन्सिलीसकट हात वर केला होता.

जेवणाला मी गेलो नाही. झाइरने रुमालात बांधून मांसाचा कुरदाक आणला आणि म्हणाला, "उलू, तू माझा सहावा मुद्दा खाल्लास, निदान हे तरी खा."

काल घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. तिने बोरसोक तळायला मळलेलं पीठ झाकून ठेवलं. मग म्हणाली, "तुझ्या बापाने मला त्याच वर्षी सांगितलं होतं. म्हणाला होता, पोरगं आपणहून बोलेल, तू विचारू नकोस." नऊ वर्षं, आका. ती नऊ वर्षं माझी वाट पाहत होती, आणि मी तुमच्या उत्तराची सहा आठवडे वाट पाहून चिडलो होतो.

नकाशाची नवी प्रत या पत्रासोबत आहे. पेन्सिलीने फुली केलीय, तिथे सही. संमतीपत्राचा मजकूर मी लिहिलाय, शुद्धलेखन तपासलंय. गणित तुम्ही स्वतः करा, एक मीटर पंचावन्न धरून. नोटरी आमच्याकडे तालुक्याला आहे, अल्माटीची इथे चालत नाही, मी चौकशी केली. म्हणजे यावं लागेल. मी सांगायचं म्हणून सांगत नाही, नियमच तसा आहे.

आज सकाळी वाचन सत्तेचाळीस सेंटिमीटर. स्वतः जाऊन घेतलं. पुढच्या महिन्यात हे वाचन कोण घेईल ते माहीत नाही.

खर्च, सोम चलनात:
टॅक्सी, जाऊन-येऊन ४०००
नोंदणी ३०००
छपाई, चार पानं १२००
वसतिगृह, तीन रात्री १८००
जेवणाची वर्गणी (जेवलो नाही) १५००
समसा, चहा ४१०
नकाशाची प्रत ३५०
एकूण १२,२६०

देणे:
आईला ५०००
झाइरला ७००
तुम्हाला: चाळिसाव्याला सगळ्यांसमोर जे बोललो ते. ते सगळ्यांसमोरच फेडावं लागेल. निम्मं शुक्रवारी सभागृहात फेडलं. उरलेलं तुम्ही सहीला याल त्या दिवशी, गावात.

एर्निस सयाक उलू